कोऱ्या जागेतलं नाव : इजिप्तचे सचित्र मृत्युग्रंथ



आजचा विषय आहे प्राचीन इजिप्तमधले सचित्र मृत्युग्रंथ, म्हणजे मृत माणसाबरोबर थडग्यात ठेवलेल्या पपायरसच्या गुंडाळ्या. आज त्या लंडन, तुरिन, पॅरिस, कैरो, न्यूयॉर्क इथल्या संग्रहालयांमध्ये आहेत. त्यांतलं एक चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. मधोमध तराजू, एका पारड्यात मृताचं हृदय, दुसऱ्यात पीस. तराजूशी गुडघा टेकून बसलेला, कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस. निवाडा लिहून घेणारा, शराटी पक्ष्याच्या तोंडाचा थोथ. आणि त्याच्या मागे टपून बसलेली अम्मुत. तिचं तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं आणि मागचं पाणघोड्याचं. हृदय खोटं ठरलं तर ते गिळायचं, एवढंच तिचं काम.

या चित्रांवर पुष्कळ बोललं जातं. मी आज चित्रांशेजारच्या मजकुरातल्या एका लहानशा गोष्टीबद्दल बोलणार आहे : मृताच्या नावाची जागा. ही जागा पुष्कळदा आधी कोरी सोडलेली असे आणि नाव मागाहून भरलं जाई. या कोऱ्या जागेकडे नीट पाहिलं तर दोन प्रश्नांची उत्तरं सापडायला मदत होते, असं माझं म्हणणं आहे. पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा : हे ग्रंथ म्हणजे नीती की नुसती जादू? दुसरा इतिहासाचा : संग्रहालयांनी या ग्रंथांचं काय बिघडवलं आणि काय राखलं?

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘मृतांचा ग्रंथ’ हे नाव इजिप्तच्या लोकांनी दिलेलं नाही. कार्ल रिचर्ड लेप्सिउस या जर्मन विद्वानानं १८४२ साली तुरिनच्या संग्रहालयातली इउफआंख नावाच्या माणसाची गुंडाळी प्रसिद्ध केली, तिच्यातल्या मजकुराचे १६५ भाग पाडून त्यांना क्रमांक दिले आणि जर्मनमध्ये हे नाव रूढ केलं. ते क्रमांक आजही चालतात. इजिप्तमध्ये या संग्रहाला ‘दिवसा बाहेर पडण्याचे मंत्र’ अशा अर्थाचं नाव होतं. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं भर मरणावर नव्हता. मेल्यावर थडग्यात अडकून न राहता उजेडात येता आलं पाहिजे, यावर होता.

आणि हा एक ठरलेला ग्रंथही नव्हे. आज अभ्यासक सुमारे २०० मंत्र मोजतात. ते सगळेच्या सगळे असलेली एकही प्रत नाही. परंपरेची मुळं राजांच्या पिरॅमिडमध्ये आहेत. इसवी सनपूर्व २३५० च्या सुमारास उनास राजाच्या पिरॅमिडच्या आतल्या भिंतींवर असे मंत्र कोरले गेले. पुढे ते श्रीमंतांच्या शवपेट्यांवर उतरले. इसवी सनपूर्व १५५० च्या सुमारापासून ते पपायरसवर आले आणि पुढची दीड हजार वर्षं लिहिले जात राहिले. आधी फक्त राजाच्या हक्काचं परलोकाचं दार हळूहळू कारकून, कोठारप्रमुख, देवळातल्या गायिका यांनाही उघडलं. अर्थात ज्यांना परवडत होतं त्यांनाच. एका नोंदीत अशा गुंडाळीची किंमत एक देबेन चांदी दिली आहे, म्हणजे साधारण ९० ग्रॅम. साध्या मजुराची ती निम्म्या वर्षाची कमाई असावी, असा अंदाज अभ्यासक करतात.

आता आपण एका प्रतीकडे येऊ. ब्रिटिश म्युझियममधला आनीचा पपायरस. काळ इसवी सनपूर्व १२५० च्या आसपास, लांबी जवळजवळ २४ मीटर. आनी हा राजदरबारचा लेखनिक. देवांना वाहिलेल्या वस्तूंचा हिशेब ठेवणं आणि धान्याच्या कोठारांवर देखरेख करणं, ही त्याची कामं. त्याची बायको तुतू ही अमुन देवाच्या देवळातली गायिका. चित्रात दोघं जरा वाकून, डावीकडून तराजूकडे येताना दिसतात. तुतूच्या हातात वाद्य आहे.

ही गुंडाळी एकसंध वाटली तरी ती सहा वेगवेगळे तुकडे जोडून केलेली आहे. तुकडे निरनिराळ्या हातांनी लिहिलेले. काही मजकूर दोनदा आला आहे; जुळणी करणाऱ्याच्या ते लक्षात आलं नसावं. सुरुवातीचा भाग आनीसाठीच लिहिलेला आहे. पण पुढे बऱ्याच ठिकाणी आनीचं नाव वेगळ्या हातानं, आधी सोडलेल्या जागेत बसवलेलं दिसतं. याचा अर्थ सरळ आहे. कार्यशाळेत हे भाग तयार करून ठेवलेले होते. गिऱ्हाईक आलं की नाव आणि हुद्दा भरायचा. अशाही गुंडाळ्या सापडल्या आहेत, ज्यांत नावाची जागा अखेरपर्यंत कोरीच राहिली.

आपल्याला ही पद्धत अगदीच अनोळखी वाटू नये. पूजेच्या संकल्पात पोथीमध्ये ‘अमुक गोत्र, अमुक नाव’ एवढंच असतं. गुरुजी तिथे थांबतात आणि यजमान आपलं नाव सांगतो. आधुनिक भाषांतरकारही इजिप्तचे मंत्र देताना मृताच्या नावाच्या जागी बहुधा एक नुसतं अक्षर ठेवतात. म्हणजे तेही एक ‘अमुक’च झालं.

तुम्ही म्हणाल, मग हा तर तयार मालाचा धंदा झाला. थडग्यासाठी दुकानातून आणलेला छापील अर्ज! आनीचं त्यात काय आहे? इथे जरा थांबायला हवं. इजिप्तच्या विचारात नाव म्हणजे ओळखीपुरतं लावलेलं लेबल नव्हतं. माणूस ज्या घटकांनी बनतो त्यांत देह, छाया, ‘का’, ‘बा’ यांच्याबरोबर नावही मोजलं जाई. नाव पुसलं तर माणसाचा एक भागच नाहीसा झाला. म्हणून शत्रूच्या भिंतीवरचं नाव छिन्नीनं खरवडून काढत. या संग्रहात २५ क्रमांकाचा एक मंत्र आहे, तो खास एवढ्यासाठीच की परलोकात मृताला स्वतःचं नाव आठवावं. विचार करा : मेल्यावर भूक लागेल, तहान लागेल, साप चावेल, या सगळ्या भीतींवर मंत्र आहेत, आणि त्यांच्याच रांगेत ही एक भीती आहे, की मी माझं नाव विसरेन.

आता सगळ्यात प्रसिद्ध भागाकडे वळू. क्रमांक १२५. मृत माणूस सत्याच्या सभागृहात येतो. तिथे ४२ न्यायदेवता बसलेल्या आहेत. तो प्रत्येकीला नावानं हाक मारतो, ती कुठून आली ते सांगतो आणि आपण एक एक गुन्हा केला नसल्याचं जाहीर करतो. चोरी केली नाही, खून केला नाही, हे तर आहेच. पण याच प्रकरणात येणारे काही नकार फार बारीक आहेत. तराजूच्या वजनात फेरफार केली नाही. लहान मुलांच्या तोंडचं दूध तोडलं नाही. वाहत्या पाण्याला बांध घातला नाही. कुणाला रडवलं नाही. नदीच्या पाण्यावर आणि धान्याच्या मापावर जगणाऱ्या समाजाची नीती या यादीतून आपल्याला कळते. धान्याच्या कोठारावर नेमलेल्या आनीला खोटं माप म्हणजे काय, हे आपल्याहून नक्कीच चांगलं ठाऊक असणार.

हे झाल्यावरही त्याला आत सोडत नाहीत. दाराची चौकट, उंबरठा, कडी, एकेक भाग त्याला अडवून विचारतो : माझं नाव सांग. आणि त्यालाही विचारलं जातं की तू कोण, तुझं नाव काय. म्हणजे ही सगळी परीक्षा नावांची देवाणघेवाण आहे.

इथे तत्त्वज्ञानाची अडचण उभी राहते. निर्दोष असल्याचं हे निवेदन आधीच लिहून तयार होतं. कुणीतरी लेखनिकानं, आनीला न ओळखता, ४२ नकार लिहून ठेवले होते. आनीनं आयुष्यात काय केलं, याची चौकशी कुठेच नाही. वर आणखी एक मंत्र आहे, क्रमांक ३० चा. त्यात मृत माणूस आपल्या हृदयाला विनवतो की तराजूपाशी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. हा मंत्र दगडी भुंगेऱ्यावर कोरून तो मृताच्या छातीवरही ठेवत. मग याला नीती म्हणायचं कसं? हा तर न्यायाधीशासमोर साक्षीदार फोडण्याचा प्रकार झाला!

जुन्या अभ्यासकांपैकी अनेकांनी इथे ‘जादू’ असा शेरा मारून विषय मिटवला. तेवढ्यानं भागत नाही, असं मला वाटतं. त्याची कारणं दोन.

पहिलं कारण असं. ज्याला आपल्या हृदयाच्या साक्षीची भीती वाटते, त्यानं एक गोष्ट आधीच मान्य केलेली असते : आपल्या आत एक असा साक्षीदार आहे, जो आपल्या ताब्यात नाही. तो खरं बोलेल, हीच तर धास्ती. सदसद्विवेक नसलेल्या माणसाला या मंत्राची गरजच पडणार नाही. इजिप्तमध्ये हृदय हे विचाराचं आणि स्मृतीचं स्थान मानत. ममी करताना मेंदू काढून टाकत, पण हृदय जपून ठेवत. तेव्हा हृदयाला विनवणं म्हणजे आपल्याच स्मृतीला विनवणं. त्यात पळवाट शोधणं आहे, नाही असं नाही. पण नीतीची जाणीवही त्याच विनवणीत आहे. माणसाच्या मनात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहतात. आपल्याही राहतात.

दुसरं कारण कोऱ्या जागेचं. मजकूर आधी तयार असला म्हणून निवेदन खोटं ठरत नाही. न्यायालयातल्या शपथेचा विचार करा. तिचे शब्द साक्षीदार स्वतः रचत नाही, ते ठरलेले असतात. सगळ्यांसाठी तेच शब्द, हेच शपथेचं बळ आहे. साक्षीदार तिच्यात घालतो ते स्वतःचं नाव आणि स्वतःचा आवाज. त्या क्षणापासून ते शब्द त्याला बांधतात. गुंडाळीतल्या ४२ नकारांचंही तसंच आहे. नाव भरण्याआधी ती समाजानं केलेली अपराधांची यादी असते. नाव भरलं की ती ‘मी’ची जबाबदारी होते. आनी शपथेवर खोटं बोलला असेल, हे शक्य आहे. पण खोटं बोलण्यासाठीही बोलणारा कोणीतरी लागतो. कोऱ्या जागेतलं नाव हा बोलणारा पुरवतं.

ही गोष्ट लक्षात ठेवून आता संग्रहालयांकडे जाऊ.

हा पपायरस ब्रिटिश म्युझियमसाठी वॉलिस बज यानं १८८८ साली लक्सरमध्ये मिळवला. ती हकीकत त्यानं स्वतःच १९२० साली आपल्या आठवणींत लिहिली आहे. पुरातत्त्व खात्याच्या प्रमुखानं, म्हणजे ग्रेबो या फ्रेंच अधिकाऱ्यानं, जप्तीचा हुकूम काढला होता. ज्या घरात वस्तू होत्या त्याला सील लागलं, बाहेर पहारा बसला. घराची मागची भिंत एका हॉटेलच्या बागेला लागून होती. रात्री बागेच्या बाजूनं भिंतीला भोक पाडून वस्तू बाहेर काढल्या गेल्या. पहारेकरी पुढल्या दारी जेवत होते. बज हे सगळं विजयाच्या थाटात सांगतो. आज वाचताना आपल्याला तो चोरीचा कबुलीजबाब वाटतो. आणि गंमत म्हणजे ४२ नकारांत चोरीचा नकार आहेच!

या पद्धतीनं वस्तू मिळाली की काय हरवतं? आनीचं थडगं. ते कुठलं, हे आजही निश्चित झालेलं नाही. शेजारी तुतू होती का, त्यांच्यासोबत आणखी काय ठेवलं होतं, हे सगळं गेलं. याच्या उलट उदाहरण खाचं. खा हा राजांच्या थडग्यांच्या बांधकामावरचा प्रमुख. १९०६ साली एर्नेस्तो स्कियापारेल्ली याला दैर अल-मदीना इथे खा आणि त्याची बायको मेरित यांचं न लुटलेलं थडगं सापडलं. सगळं सामान नोंदवून बहुतांश तुरिनला नेलं. म्हणून खाचा सुमारे १४ मीटरचा पपायरस आज त्याचे पलंग, कपडे, भाकऱ्या, मोजपट्टी यांच्यासह पाहता येतो. तिथे ते नाव घराशी जोडलेलं राहिलं.

आनीच्या गुंडाळीचं पुढे काय झालं? बजनं ती ३७ तुकड्यांत कापून पाट्यांवर चिकटवली. लांबी साधारण सारखी यावी, एवढंच पाहिलं. चौकटीत बसवायला आणि भिंतीवर लावायला ते सोयीचं होतं. आनी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो, ही त्या पटाची मूळ कल्पना. ती चौकटी-चौकटींत तुटली. १८९० साली म्युझियमनं त्याची रंगीत प्रतिकृती छापली, १८९५ साली बजचं भाषांतर आलं. पण चित्रपट सलग जोडलेला आणि खाली भाषांतर, अशी आवृत्ती सर्वसामान्य वाचकाला मिळायला १९९४ साल उजाडलं.

अजून एक प्रसिद्ध गुंडाळी आहे, ‘ग्रीनफिल्ड पपायरस’. लांबी ३७ मीटर. आकाशदेवी नूत कमान करून वाकलेली आणि खाली पृथ्वीदेव गेब पडलेला, हे गाजलेलं चित्र तिच्यातलंच. तीही कापली गेली, ९६ तुकड्यांत. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश म्युझियमनं मृत्युग्रंथांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ते सगळे तुकडे प्रथमच ओळीनं एकत्र मांडले गेले.

पण नाव पाहा. ग्रीनफिल्ड कोण? १९१० साली ही गुंडाळी म्युझियमला देणाऱ्या बाईंचं ते आडनाव. गुंडाळी जिची आहे ती नेसितानेबेताशेरू, अमुनचा महापुजारी दुसरा पिनेजेम याची मुलगी, इसवी सनपूर्व दहाव्या शतकातली. ३७ मीटर भरून तिचं नाव पुन्हा पुन्हा लिहिलेलं आहे, आणि जग तिला ओळखतं देणगीदाराच्या आडनावानं.

हा दोष एकट्या युरोपचा नाही. २०२२ साली सक्कारा इथे, जोसेरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडजवळ, एका शवपेटीत १६ मीटरची गुंडाळी सापडली. इजिप्तच्याच तज्ज्ञांनी ती उलगडली, सांधली, आणि पुढच्या वर्षी कैरोच्या संग्रहालयात मांडली. हे मोठंच काम झालं. मृताचं नाव आहमोस. ते त्या गुंडाळीत २६० च्या आसपास वेळा येतं. आणि गुंडाळीला नाव मिळालं ‘वजीरी पपायरस’, पुरातत्त्व खात्याच्या तेव्हाच्या प्रमुखाच्या नावावरून. २६० वेळा लिहूनही आहमोसला स्वतःच्या गुंडाळीवर आपलं नाव लावता आलं नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी संग्रहालयांवर अन्याय करीन. २०१२ साली ब्रिटिश म्युझियमचे जॉन टेलर प्रदर्शनाच्या निमित्तानं ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला क्वीन्सलँड म्युझियममध्ये गेले होते. तिथे मांडलेल्या पपायरसच्या एका तुकड्यावर त्यांना एक नाव दिसलं : आमेनहोतेप, अमुनच्या देवळाच्या बांधकामाचा प्रमुख. हा माणूस त्यांना ठाऊक होता. त्याच्या मृत्युग्रंथाचे काही भाग पूर्वीच लंडन आणि अमेरिकेतल्या संग्रहालयांत येऊन पडले होते. टेलर यांनी साठा पाहायला मागितला, तर आणखी सुमारे १०० कपटे निघाले, त्याच गुंडाळीचे. तीन खंडांत विखुरलेली ती गुंडाळी पुन्हा एक आहे, हे कळलं ते एका माणसाला ते नाव वाचता आलं म्हणून.

जर्मनीत बॉन विद्यापीठाशी जोडलेल्या मृत्युग्रंथ-प्रकल्पानं हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं आहे. गुंडाळ्या, कापडी पट्ट्या, इतर वस्तू मिळून सुमारे तीन हजार नगांची नोंद त्यांनी मृताच्या नावानिशी केली आहे. तुटलेले भाग जुळवायला अशा नोंदी लागतात.

मग या गुंडाळ्या मांडाव्यात की नाही? त्या उजेडासाठी केलेल्याच नव्हत्या. एकाच वाचकासाठी, अंधारात ठेवायला केल्या होत्या. उजेडात त्यांचे पिवळे-तांबडे रंग उडतात, म्हणून मूळ पट बराच काळ कोठारात राहतो आणि ते योग्यच आहे. परत द्याव्यात का, हा प्रश्न तर आहेच. आनीच्या बाबतीत इजिप्तची बाजू मला बळकट वाटते. भिंत फोडून नेलेल्या वस्तूवर मालकीचा युक्तिवाद करणं अवघड आहे. पण तो निर्णय होईल तेव्हा होईल. त्याआधी उद्यापासून करता येण्याजोगी एक गोष्ट आहे, आणि तिला खर्चही नाही. पाटीवर सर्वांत वर मृताचं नाव असावं. देणगीदाराचं, अधिकाऱ्याचं, नोंद क्रमांकाचं स्थान त्याखाली. शक्य असेल तिथे गुंडाळीमध्ये ते नाव कुठे लिहिलं आहे, हेही खुणेनं दाखवावं.

कारण त्या नावाशिवाय समोर उरतं ते सुंदर चित्र आणि कुणाचंच नसलेलं निवेदन. नाव असलं तर खोटं माप न वापरल्याचं कुणीतरी शपथेवर सांगत असतं. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मग आपण ठरवू शकतो.

तुमच्यापैकी कोणी लंडनला, तुरिनला किंवा कैरोला गेलात, तर तराजूचं चित्र जरूर पाहा. पण त्याआधी पाटीवर नाव शोधा, आणि सापडलं तर ते हळू का होईना, उच्चारा : आनी, तुतू, खा, मेरित, नेसितानेबेताशेरू, आहमोस, आमेनहोतेप. त्यांनी एवढा खर्च केला होता तो याच एका अपेक्षेनं.

इथे थांबतो.